अडतीस पानं

७ नोव्हेंबर

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि छोटी ठणठणीत असाल असं मी धरून चालते, कारण नसलात तरी तू सांगणार नाहीस. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. काल पुन्हा चष्मा घरी विसरून शाळेत गेले आणि दिवसभर मुलांना आवाजावरून ओळखलं. एका मुलीला तिच्याच बहिणीच्या नावाने तीनदा हाक मारली. तिने तिन्ही वेळा ओ दिली, गुणी आहे बिचारी.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘चालू दे’ म्हणतोस, मी ‘बरं मग’ म्हणते आणि आपण ठेवून देतो. मागच्या वेळी चार मिनिटं बोललो, त्यातली तीन तुमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा मोठा फायदा आहे.

तर बातमी अशी. आमच्या शाळेला वर्षापूर्वी अठरा टॅब मिळाले. मिळाले म्हणजे थेट कपाटात गेले. किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या पर्स उशाशी घेऊन झोपत असाव्यात. चाचणी असली की टॅब बाहेर यायचे, मुलं चार पर्यायांतला एक दाबायची, टॅब परत आत. मी तर त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हते. मी भाषा शिकवते आणि वाचनालय सांभाळते; माझ्याकडे कागद आहे, खडू आहे, आवाज आहे. आवाज किती आहे ते तुला माहीत आहेच.

पण यंदा एक नवे संगणक सर आलेत. वय सव्वीस, दिसायला दहावीतले. ते आले आणि म्हणाले, “बाई, सातवीच्या वाचनालयाच्या तासातला अर्धा तास मला द्याल?” म्हटलं, घ्या, तसंही निम्मी मुलं पेंगत असतात. त्यांनी मोठ्या बाईंकडून टॅब कसे सोडवून आणले देव जाणे. मग त्यांनी बाकावर एक खोडरबर ठेवलं, फोटो काढला; खोडरबर तसूभर सरकवलं, फोटो काढला; पुन्हा सरकवलं. असे वीस फोटो. आणि मग एक बटण दाबलं तर खोडरबर स्वतःच्या पायाने बाकावरून चालत गेलं आणि कंपासपेटीत जाऊन बसलं.

खारू, वर्गात असा आवाज झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर बघायला आले. आले ते तिथेच उभे राहिले.

त्या दिवसापासून माझा सातवीचा वर्ग चळला आहे. पेन्सिली लपाछपी खेळतात, कर्कटक नाचतं, डस्टर टेबलावरून उडी मारून जीव देतं. जी मुलं निबंधात ‘माझा मित्र खूप चांगला आहे’ यापलीकडे एक ओळ लिहीत नव्हती ती आता खोडरबराला प्रेयसी असावी की शत्रू, यावर भांडतात. मीही एक चित्रपट केला. सत्तर फोटो काढले आणि दाखवायला लागले तर प्रत्येक फोटोत माझा अंगठा. सगळ्यात वर्गाला तोच आवडला. ‘बाईंचा अंगठा’ म्हणून आता त्याचा दुसरा भाग काढायचं चाललंय.

आता मुद्द्याचं. म्हणजे मुद्द्याचं असंही नाही, सहज सांगते. मागच्या आठवड्यात मुलांनी वाचनालयातला तो जुना जाडा शब्दकोश काढला. एका पानाच्या कोपऱ्यात त्यांना पेन्सिलीचं बारीक चित्र दिसलं. मग दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर. अंबाड्याची एक बाई, हातात लांब पट्टी, आणि एक काडीचा मुलगा. मुलांनी एकेका कोपऱ्याचा फोटो काढला. एकशे बावन्न चित्रं, एकोणीस सेकंदांचा चित्रपट. भिंतीवर मोठा करून पाहिला. मुलगा बाईजवळ उभा असतो, मग तोंड तिच्याकडेच ठेवून मागे मागे पळत जातो, बाई पट्टी हलवत राहते, मुलगा लहान लहान होत दूरच्या एका घरात शिरतो. बाईला डोळेच नाहीत. मुलांनी ठरवून टाकलं की ती भूत आहे.

कोशाची पहिली पानं नाहीत. जुन्या पुस्तकांचं असं होतंच. त्यामुळे गोष्टीची सुरुवात गेली आहे, आणि मुलं आता नव्या सुरुवाती बनवताहेत. मुलगा का पळाला? एका गटात त्याने काच फोडलीय, दुसऱ्यात बाई माणसं खाते. एका गटाने लिहिलं, ‘बाईंनी त्याला मारलं असणार.’ मी म्हटलं, छान आहे, पुढे चला.

कोणी काढलं, असं विचारत होती. मी म्हटलं, कोणीतरी जुना विद्यार्थी.

डिसेंबरच्या मध्यावर एका शनिवारी पालकांना हे सगळं दाखवायचं आहे. मोठ्या बाईंची अट आहे की अर्धवट काही दाखवायचं नाही. पालकांना गोष्ट समजली नाही तर टॅब पुन्हा चाचण्यांना. म्हणून विचारते, तुला काही आठवतं का त्या चित्रांचं? नसेल तर राहू दे.

छोटीला पापा.

तुझी
ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय खारू,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. ‘पत्र पोचलं. टॅबना कव्हर घाला, पोरं पाडतात.’ इतकी माहिती एका माणसाने दिली म्हणजे मी धन्य झाले. कव्हरं घातली. तू लिफ्ट दुरुस्त करतोस तेव्हा आत अडकलेल्या माणसांशीही असाच बोलतोस का? ‘चालू दे’?

थट्टा पुरे. यापुढचं मी तीनदा लिहून फाडलं आहे. फाडण्यात माझा हात चांगला आहे, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे टिवटिव म्हणतात. एका दमात सहा प्रश्न विचारते आणि सातव्याचं उत्तर स्वतः देते. परवा सगळे गट आपापल्या सुरुवाती करण्यात गुंतले होते आणि ही कोश मांडीवर घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, “बाई, तुम्ही सगळे उलटं बघताय.”

मी म्हटलं, “काय उलटं?”

“चित्रं सगळी डाव्या पानांवर आहेत. डाव्या कोपऱ्यात. उजव्या हातवाल्याने उजवीकडे काढली असती ना? हे बघा, मी कशी सोडते.” तिने कोश उजव्या हातात धरला आणि डाव्या अंगठ्याने पानं शेवटाकडून सोडत आणली. फरफर फरफर. “डावखुऱ्याने काढलंय. माझ्यासारख्या. गोष्ट मागून पुढे आहे.”

संगणक सरांनी फोटोंचा क्रम उलटा केला. एका बोटाचं काम. आणि भिंतीवर तो मुलगा दूरच्या घरातून बाहेर पडला, धावत सुटला, मोठा मोठा होत आला. एक हात पाठीमागे, मुठीत काहीतरी. पळत नव्हता रे तो. येत होता. थेट त्या बाईकडे येत होता. बाईसमोर येऊन उभा राहिला, पाठीमागचा हात पुढे घ्यायला लागला, आणि चित्रं संपली.

वर्ग ओरडला, “पुढे काय?” मी खुर्चीत बसले.

तू शाळेत उजव्या हाताने लिहायचास. आईने लहानपणीच तसं वळण लावलं होतं. जेवायचास उजव्याने, पाटीवर लिहायचास उजव्याने. पण चित्रं डाव्याने काढायचास, माळ्यावर बसून, कोणी बघत नसताना. मला हे माहीत होतं. घरात तुझ्या बहिणीला माहीत होतं आणि शाळेत तुझ्या बाई ते विसरल्या.

मुलांना मी सांगितलं, हे माझ्या भावाने काढलंय. सातवीत असताना, याच वाचनालयात. टिवटिव म्हणाली, “मग पहिली पानं कुठे गेली?” मी म्हटलं, “मी फाडली.”

टिवटिवने कोश मिटून बाकावर ठेवला.

लिहूनच टाकते, तुला पाठ असलं तरी. मी तेवीस वर्षांची होते, नोकरीचं पहिलं वर्ष, आणि माझा सख्खा भाऊ माझ्याच वर्गात. स्टाफरूममध्ये म्हणायचे, बहीण बाई आहे, पोराची चंगळ आहे. मी तुझ्याशी दुप्पट कडक वागायचे. त्या दिवशी कोश बाकांखालून फिरत होता आणि वर्ग खिदळत होता. मी हिसकावून घेतला. अंबाडा आणि पट्टी एवढंच दिसलं. वाटलं, माझी टर उडवली आहे, आणि तीही तू. बांधणी सैल होती. पुढची पानं मुठीत आली तेवढी ओढली, तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “चित्रं काढून कोणाचं पोट भरत नाही.” तेव्हाच्या मोठ्या सरांना चिठ्ठी दिली आणि चित्रकलेच्या परीक्षेच्या यादीतून तुझं नाव काढायला लावलं. वाचनालयाचं पुस्तक खराब केलं, हे कारण. खरं कारण माझा तोरा.

संध्याकाळी मी टोपलीत शोधायला गेले होते. हे तुला कधी सांगितलं नाही. टोपली रिकामी झाली होती.

तेव्हापासून आमचा कोश ‘आरसा’ या शब्दापासून सुरू होतो. त्यामुळे गेली सव्वीस वर्षं या शाळेत ‘अपमान’ म्हणजे काय ते कोणाला बघता आलेलं नाही. मला बघायची गरजही नव्हती.

आणि तू पुन्हा पेन्सिल हातात घेतली नाहीस. आदळआपट केली नाहीस, भांडला नाहीस. फक्त माझ्याशी हवापाण्याचं बोलायला लागलास. दहावीनंतर या शाळेच्या फाटकातून आत आला नाहीस. गेल्या वर्षी मला सोडायला आलास तेव्हाही कोपऱ्यावरच गाडी थांबवलीस.

टिवटिवने मला विचारलं, “मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?”

“नाही.”

“सव्वीस वर्षं?”

“हो.”

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मग आता म्हणा, आम्ही शूट करतो.” संगणक सरांनी तिला गप्प केलं. पण तिचं बरोबर होतं. शूटिंग नको, एवढंच माझं म्हणणं.

खारू, माझं चुकलं. तुझ्या चित्रांच्या बाबतीत चुकलं आणि तुझ्या बाबतीत त्याहून जास्त. मला माफ कर. करवत नसेल तर करू नकोस, पण मी म्हटलं नाही असं आता राहणार नाही.

मुलांनी जुन्या सगळ्या सुरुवाती टाकून दिल्या आणि आता शेवट बनवताहेत. मुठीत काय असेल? मांजराचं पिल्लू, बेडूक, शून्य मार्कांचा पेपर, अर्धी खाल्लेली बिस्किटं. एका पोराने भुतासाठी दात आणलेत. हसून हसून पुरेवाट होते. पण रोज तास संपताना कोणीतरी विचारतंच, “खरं काय होतं, बाई?” आणि मला माहीत नाही.

मी हिशेब करून पाहिला. सेकंदाला आठ चित्रं. मी फाडली ती अडतीस पानं, म्हणजे पावणेपाच सेकंद. एवढाच शेवट होता.

त्याच्या मुठीत काय होतं रे?

ताई


९ डिसेंबर

माझ्या खारोबा,

पाकीट काल दुपारी आलं. शिपायाने थेट वर्गात आणून दिलं, कारण त्यावर तू ‘सातवीचा वर्ग’ लिहिलं होतंस, माझं नाव नाही. तिथेही मला डावललंसच. बरं केलंस. मी एकटी असते तर उघडायला मला अजून आठवडा लागला असता. टिवटिवला अर्धं मिनिट लागलं.

लिफ्टच्या तपासणीच्या चिठ्ठ्या, मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं. अडतीस. प्रत्येकीवर क्रमांक. तीन-चार चिठ्ठ्यांवर ग्रीसचा अंगठा. (वर्गाने लगेच जाहीर केलं की अंगठा आमच्या घराण्यातच आहे.) आणि एका चिटोऱ्यावर तुझं पत्र, जे मी आता तोंडपाठ म्हणू शकते: ‘उरलेली. डाव्या हाताने सोडायची. हात बसला नव्हता, म्हणून दोनदा काढली.’

म्हणजे तू शहात्तर चित्रं काढलीस. तुझ्या बायकोने फोन केला होता, तुझ्या नकळत. तिला रागावू नकोस. म्हणाली, आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसून काढत होते, छोटी शेजारी बसून खोडत होती. आणि म्हणाली, “ताई, हे शीळ घालत होते हो.”

मग आम्ही फोटो काढले. वर्गातल्या एकाही मुलाने अंगठा मध्ये येऊ दिला नाही. पट्टीने मापून, श्वास रोखून. आणि पडदे ओढून भिंतीवर लावलं.

मुलगा धावत येतो. बाईसमोर थांबतो. पाठीमागचा हात पुढे घेतो. मूठ उघडतो.

चष्मा.

माझा चष्मा, खारू. दोन गोल आणि एक काडी. बाई पट्टी खाली ठेवते, चाचपडत तो घेते, नाकावर चढवते, आणि मग त्या कोऱ्या चेहऱ्यावर, त्या दोन गोलांत, दोन डोळे उगवतात. ती मुलाकडे बघते. पहिल्यांदा बघते. मुलगा हसतो आणि आपल्या बाकावर जाऊन बसतो. संपलं. पावणेपाच सेकंद.

ती पट्टी मारायची नव्हती. ती बाई पट्टीने फळा शोधत होती. सव्वीस वर्षं मी समजत होते की तू मला बिनडोळ्यांची भुताळी काढलंस, आणि तू फक्त खरं काढलं होतंस. त्या वर्षी मी आठवड्यातून दोनदा चष्मा विसरायचे आणि तू मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन आणून द्यायचास. वर्ग हसत होता तो यालाच. मी सोडून सगळ्यांना गोष्ट कळली होती.

आणि मागच्या पत्रात मी लिहिलं, अंबाडा आणि पट्टी एवढंच दिसलं. तेवढंच का दिसलं, ते आता आठवलं. त्या दिवशीही चष्मा घरीच होता. पुढचंही आठवलं. पानं फाडल्यावर मधली सुट्टी झाली, आणि तू त्या दिवशीसुद्धा गेलास. धावत गेलास, चष्मा आणलास, माझ्या टेबलावर ठेवलास आणि निघून गेलास. मी तो डोळ्यांवर चढवला आणि हजेरी घेतली. कशी घेतली असेन मी हजेरी.

मी वर्गात रडले. लपवत नाही. मुलं घाबरली नाहीत. एकाने पाण्याची बाटली दिली, गणिताचे सर दारात उभे होते त्यांनी रुमाल दिला. टिवटिव म्हणाली, “बाई, आवाज टाकायचा राहिलाय.” मग आम्ही सगळ्यांनी मिळून आवाज केले. मुलाची पावलं म्हणजे बाकावर आपटलेली दोन खोडरबरं. धापा टाकायला चौघं लागली. चष्म्याची घडी उघडल्याचा आवाज माझ्याच चष्म्याचा आहे. ते काम टिवटिवने माझ्यावर सोपवलं आणि सहा वेळा पुन्हा करायला लावलं.

मोठ्या बाईंनी एकदा पाहिला, पुन्हा लावा म्हणाल्या. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर पर्समधून कपाटाची किल्ली काढली आणि वाचनालयाच्या खिळ्याला अडकवली. म्हणाल्या, “इथेच राहू दे.” मुलांचे बेडूक आणि मांजरं आणि दातही दाखवायचे आहेत, सर म्हणतात एका मुठीचे नऊ शेवट आहेत, खरा सर्वांत शेवटी. तुझ्या चिठ्ठ्या कोशाच्या पुढे शिवून घेतल्या आहेत. आता आमचा कोश तुझ्यापासून सुरू होतो.

कार्यक्रम शनिवारी अकरा वाजता आहे. आठची गाडी धरलीस तर साडेदहाला पोचशील. बायकोला आणि छोटीला आण. वर्गाने छोटीसाठी एक टॅब राखून ठेवलाय, कव्हर घालून.

तू येशील की नाही, हे मला माहीत नाही. ‘चालू दे’ म्हणून घरी बसशील तर मी काही म्हणणार नाही. पण एक कळवून ठेवते. शनिवारी मी चष्मा घरीच ठेवून जाणार आहे. या वेळी विसरून नाही, मुद्दाम. खिडकीत ठेवते आहे, पूर्वी असायचा तिथेच. घराची किल्ली शेजारी दिली आहे. मला तुझा चित्रपट पाहायचा असेल तर कोणालातरी तो आणून द्यावा लागेल. शाळा अजून तेवढ्याच अंतरावर आहे, फाटक उघडंच असेल. धावायची गरज नाही, आता तुझंही वय झालं.

शाळेच्या दारात उभी,
बिनचष्म्याची,
तुझी ताई